क्षितिज उजवीकडेच का उतरतं? ०.७ अंशाचा माग

समुद्राचे फोटो सरळ करताना गेले काही आठवडे एक गोष्ट खटकत होती. संगणकावर फोटो फिरवायचा स्लायडर जवळजवळ दर वेळी एकाच बाजूला सरकवावा लागायचा. कधी थोडा, कधी जास्त, पण बाजू तीच. क्षितिज बहुतेक वेळा उजवीकडे उतरलेलं.

कॅमेरा डीएसएलआर आहे, म्हणजे डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमध्ये आरशातून आलेलं दृश्य दाखवणारा. सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, एपीएस-सी आकाराचा, २४ मेगापिक्सेलचा. हा त्रास सुरू व्हायच्या थोडंच आधी त्याचा सेन्सर बदलून आला होता. तेव्हा या दोन गोष्टींचा संबंध मी जोडला नव्हता.

आधी मोजायचं ठरवलं, कारण 'जरा तिरकं वाटतंय' एवढ्यावर कुठलाच निष्कर्ष निघत नाही. पद्धत सोपी आहे. फोटो शंभर टक्के मोठा करून क्षितिजावरचे डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन बिंदू घ्यायचे. दोघांच्या उंचीतला फरक त्यांच्यामधल्या आडव्या अंतराने भागायचा आणि उत्तर अंशांत यावं म्हणून ५७.३ ने गुणायचं. लहान कोनांना एवढं पुरतं. माझ्या एका फोटोत ५८०० पिक्सेलच्या अंतरात क्षितिज ७१ पिक्सेल खाली गेलं होतं, म्हणजे ०.७ अंश.

हातात धरून काढलेले ४० फोटो असे मोजले. आकडे पसरलेले होते. काही फोटो दीड अंशापर्यंत कललेले, काही अगदी सरळ, दोन-तीन चक्क उलट्या बाजूला. पण सरासरी ०.६८ अंश आली. हाताची चूक पसरते आणि यंत्राची चूक एका जागी बसते. त्यामुळे एकट्यादुकट्या फोटोपेक्षा मला या सरासरीत जास्त रस होता.

तरी हातावरचा संशय लगेच सोडला नाही. शटर दाबताना उजव्या हाताने कॅमेऱ्याची उजवी बाजू खाली दाबली जाते, ही खूप जणांची सवय असते. पण तसं झालं तर फोटोत क्षितिज उजवीकडे चढलेलं दिसायला हवं. कॅमेरा ज्या दिशेला कलतो, चित्र त्याच्या उलट कलतं. माझं क्षितिज उजवीकडे उतरत होतं. सवयीचा दोष असता तर चिन्हच उलटं आलं असतं. या एका गोष्टीने माझी खात्री बरीच पटली. मग ट्रायपॉडवर सेल्फ-टाइमर लावून १२ फोटो काढले. सगळे ०.६९ ते ०.७२ च्या दरम्यान.

चाचणीसाठी क्षितिज कुठलं घेता याला महत्त्व आहे. तलावाचा पलीकडचा काठ चालत नाही. तो तिरका लांब जात असेल तर पाणी सपाट असूनही काठाची रेषा फोटोत खरोखर कलते, त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. खुला समुद्र हवा, आणि क्षितिज चौकटीच्या मध्यावर हवं. वर किंवा खाली घेतलं तर वाइड लेन्सच्या विकृतीमुळे रेषेला बाक येतो आणि बिंदू कुठे घ्यावेत हेच कळत नाही.

लेन्सबद्दल एक गैरसमज माझाही होता. माउंटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कड्यात, लेन्स किंचित फिरलेली बसली तर चित्रही फिरेल, असं वाटायचं. तसं होत नाही. लेन्स गोल आहे, ती आपल्या अक्षाभोवती फिरवली तरी चित्र फिरत नाही. खात्रीसाठी तीन लेन्स लावून पाहिल्या, तिन्हींवर तोच आकडा.

आता खरा प्रश्न. कॅमेऱ्यात 'आडवं' ठरवणाऱ्या जागा एकाहून जास्त असतात: बूड, व्ह्यूफाइंडरमधल्या ग्रिडच्या (आडव्या-उभ्या जाळीच्या) रेषा, इलेक्ट्रॉनिक लेव्हल आणि सेन्सर. एक तिरका असेल तर तो कोणता? इलेक्ट्रॉनिक लेव्हल मी साक्षीला घेतलीच नाही. माझ्या कॅमेऱ्यात ती एकेका अंशाच्या पायरीने दाखवते, ०.७ अंश तिला दिसणार कुठून?

बाकीच्यांसाठी ओळंबा वापरला. जाड दोऱ्याला वजन बांधून ते पाण्याच्या बादलीत सोडलं, म्हणजे दोरा झुलत राहत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर न लावता थेट जाड काचेवर ठेवला आणि काचेखाली कार्डाचे तुकडे सरकवून ती सपाट केली. पाणसळ वापरण्याआधी तिचीच परीक्षा घ्या. एकदा वाचा, मग टोकं बदलून त्याच जागी ठेवून पुन्हा वाचा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला, म्हणजे खिडकीच्या बाजूला असेल तर खिडकीच्या बाजूलाच, थांबला पाहिजे. बाजू बदलली तर पाणसळ खोटी. माझी पहिली पाणसळ इथेच बाद झाली. दोरा चौकटीच्या बरोबर मध्यात ठेवायचा, कारण कॅमेरा किंचित वर-खाली झुकला तर कडेच्या उभ्या रेषा कलतात, मधली मात्र उभीच राहते.

व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर ग्रिडची उभी रेघ आणि दोरा समांतर. फोटोत दोरा ०.७ अंशाने कललेला. म्हणजे बूड आणि व्ह्यूफाइंडर यांचं एकमत होतं, वेगळं सांगत होता फक्त सेन्सर. लाइव्ह व्ह्यू लावल्यावर, म्हणजे सेन्सरचं चित्र मागच्या पडद्यावर पाहताना, तिथल्या ग्रिडला दोरा तिरका दिसला, तेव्हा शंका उरली नाही. सेन्सर त्याच्या जागी फिरलेला बसला होता. २३.५ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ०.७ अंश म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ०.३ मिलिमीटरचा फरक. एवढ्यावरून प्रत्येक सूर्यास्त घसरत होता.

मिररलेसवाल्यांना, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांना, हा दोष वेगळा भेटेल. तिथे व्ह्यूफाइंडरमध्ये सेन्सरचंच चित्र दिसतं. त्यामुळे ग्रिडवर क्षितिज जुळवलं तर फोटो सरळच येतो, कॅमेरा मात्र हातात तिरका धरलेला असतो. फसतात ते बुडावर किंवा पाणसळीवर विसंबणारे. शिवाय सेन्सर हलवून स्थिरता देणाऱ्या कॅमेऱ्यांत तो फिरूही शकतो. ऑलिम्पसच्या ओएम-डी ई-एम५ ने २०१२ साली पाच अक्षांची स्थिरता आणली, त्यातला एक अक्ष हाच. अशा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन चालू आणि बंद, दोन्ही ठेवून मोजा. आकडा बदलला तर दोष त्या यंत्रणेत शोधा.

स्वतः उघडून सेन्सर फिरवायचा विचार मनात आला होता. सोडून दिला, आणि तुम्हीही सोडून द्या. सेन्सरच्या स्क्रूंखाली स्प्रिंगा किंवा पातळ चकत्या असतात, त्यावर सेन्सरचं माउंटपासूनचं अंतर ठरतं. ते हललं तर क्षितिज सरळ होईल, पण एक कड कायमची धूसर. आणि आत फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भारलेला असू शकतो.

कॅमेरा पुन्हा दुरुस्तीला पाठवेपर्यंत दोन उपायांवर काम चालवलं. ट्रायपॉडवर असताना लाइव्ह व्ह्यूच्या ग्रिडवर क्षितिज जुळवायचं. हातात असताना कडेला थोडी जागा जास्त ठेवायची आणि नंतर डार्कटेबल या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो फिरवायचा. तिथे फिरवण्याच्या मॉड्यूलचा प्रीसेट (जतन केलेली सेटिंग) करून तो या कॅमेऱ्याच्या फायलींना आपोआप लागेल अशी अट घातली. घड्याळाच्या उलट दिशेने ०.७ अंश. उभ्या फोटोंनाही तोच आकडा, तीच दिशा. ३:२ चं प्रमाण राखून कापलं की ६००० × ४००० चे सुमारे ५८९० × ३९३० उरतात, म्हणजे साडेतीन टक्के क्षेत्रफळ जातं. ते परवडतं. कडेला लागून असलेला पक्षी जातो, ते परवडत नाही.

दुरुस्तीला पाठवताना 'क्षितिज तिरकं येतं' एवढंच लिहिलं नाही. ओळंब्याचे चार फोटो, मोजलेले कोन आणि व्ह्यूफाइंडर-बूड जुळत असल्याची नोंद सोबत दिली. कॅमेरा परत आल्यावर काच, बादली, दोरा सगळं पुन्हा मांडलं. आता ०.१ अंश, आणि माझ्या मांडणीत तेवढी चूक धरावीच लागेल. कडाही चारही बाजूंनी तपासल्या, सारख्याच स्पष्ट आहेत.

पण पहिल्याच फेरीतले फोटो संगणकावर घेतले तर क्षितिज उजवीकडे चढलेलं! दोन मिनिटं छातीत धस्स झालं. मग लक्षात आलं, प्रीसेट अजून चालूच होता. तो काढला.

आता जुन्या फायली राहिल्या आहेत. दोन दुरुस्त्यांच्या मधल्या काळातले फोटो तारखेवरून वेगळे केले. त्यातले लाइव्ह व्ह्यूने जुळवलेले आधीच सरळ आहेत, त्यांच्यावरचा ०.७ अंश एकेक करून काढतोय. १४० उरलेत.