रोजच अंगारकी

मंगळवार, रात्री साडेअकरा

माझ्या कादंबरीचा खोका आज आला, आणि तोही नेमका मंगळवारी. आईनं शुभशकुन मानला. मी नाही मानला, पण फोनवर चौघांना सांगितलं मात्र.

सुतळी विळीवर कापली. पंचवीस प्रती. वरचीच उचलून मधलंच पान उघडलं, ते निघालं ४१. तिसरी ओळ: 'पश्चिमेला फोबॉस उसवला.' फोबॉस म्हणजे मंगळाचा चंद्र. उगवला नव्हे, उसवला. जुन्या कोटाच्या अस्तरासारखा. शेवटचं प्रूफ डोंबिवली लोकलमध्ये उभ्यानं मीच वाचलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नाही.

कादंबरीचं नाव 'रोजच अंगारकी'. मूळ आईचं. तीन पावसाळ्यांपूर्वी संकष्टीला आभाळ गच्च भरलेलं. आई कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ बघून पानं घेत होती, टीव्हीवर मंगळावर वस्ती करण्याच्या गप्पा चालल्या होत्या. ती सहज म्हणाली, "तिकडे कुठला चंद्र बघून सोडायचा रे उपास?"

त्या रात्री शोधायला बसलो आणि झोपच उडाली. मंगळाला चंद्र दोन. फोबॉसची प्रदक्षिणा ७ तास ३९ मिनिटांत पुरी होते आणि मंगळाला स्वतःभोवती फिरायला साडेचोवीस तासांहून जास्त लागतात. चंद्रच ग्रहाच्या पुढे पळतो, म्हणून तो पश्चिमेला उगवतो, पूर्वेला मावळतो, तेही दिवसातून दोनदा. डायमॉसचं उलट. तो इतका रेंगाळतो की एकदा मावळला की अडीच दिवसांहून जास्त तोंड दाखवत नाही. म्हणजे फोबॉसवाले दिवसातून दोनदा मोदक खाणार आणि डायमॉसवाले पाटावर ताटकळणार! बरं, अंगारक म्हणजेच मंगळ, तेव्हा तिथली कुठलीही चतुर्थी अंगारकीच.

यात माझ्या पदरचं काही नाही. मी फक्त तिथे एक सहकारी गृहनिर्माण संस्था वसवली आणि तिची सर्वसाधारण सभा बोलावली. आमच्या इमारतीत आठ वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे संवाद रचावे लागले नाहीत. पृथ्वी फार लांब असते तेव्हा फोनवरचा आवाज पोचायलाच २२ मिनिटं लागतात. एक सासूबाई "ऐकू येतंय का?" विचारून वरण-भाताचा कुकर लावतात, तो उतरतो, मग सुनेचा "हो" येतो.

जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली होती. खरं नाव बघून परीक्षक दबायला नकोत म्हणून. मला ती चिंता नाही. माझ्या नावानं आमच्या गल्लीतला इस्त्रीवालाही दबत नाही.

एका दुकानात विचारलं, "विनोदी की विज्ञान? कुठल्या कप्प्यात लावू?" मी घाईनं विनोदी म्हणालो. घरी येईपर्यंत चुटपुट लागली. गणितं तपासायला मी दीड वर्ष घालवलंय, विनोदाला इतका वेळ लागला नाही. आता ज्याला विज्ञानाची भीती तो हसायला येईल आणि प्रदक्षिणेच्या वेळात अडकेल. ज्याला विज्ञान हवं तो त्या कप्प्याकडे फिरकणारच नाही. असो.

आई भिंग घेऊन वाचतेय. मघाशी हाक मारलीन. वाटलं, ४१ वं पान सापडलं.

"या कमळाबाईंना तू अडीच दिवस उपाशी ठेवलंयस?"

"अगं, डायमॉस उगवायचाय अजून."

"मग साबुदाणा दे की तिला. काय मेला माणूस आहेस!"