आमची वाटचाल: पांढरा कागद, सावली आणि नाशिकची माणसं

रविवार कारंजाजवळचा आमचा स्टुडिओ वडिलांनी सुरू केला, तेव्हा पासपोर्ट फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी एवढंच काम होतं. पुढे ड्रोन आलं, प्री-वेडिंग आलं, गंगापूर डॅमला शूट, ते आम्ही आजही करतो, घर त्यावरच चालतं.

पण माझा जीव अडकला रिचर्ड अ‍ॅव्हेडनच्या फोटोंमधे. हार्पर्स बझार आणि व्होगसाठी फॅशनचे फोटो काढणारा हा न्यूयॉर्कचा माणूस १९७९ ते १९८४ अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरला आणि खाणकामगार, ट्रक ड्रायव्हर, कत्तलखान्यातले मजूर यांचे पोर्ट्रेट काढले. पद्धत काय, तर भिंतीला पांढरा कागद लावायचा, माणूस सावलीत उभा करायचा, फ्लॅश नाही, ८ बाय १० इंचाची फिल्म लागणारा मोठा कॅमेरा, आणि हा स्वतः कॅमेऱ्याच्या मागे न जाता शेजारी उभा राहून समोरच्याच्या डोळ्यात बघायचा. मला वाटलं हे तर आपल्याकडेही होईल, माणसं आहेतच की!

मग नऊ फुटी पेपर रोल गाडीत टाकून द्राक्षाच्या सीझनला दिंडोरीकडे जायला लागलो. पॅकहाऊसची, म्हणजे द्राक्षं पॅक करतात त्या शेडची, उत्तरेकडची भिंत थंडीत दिवसभर सावलीत असते, तिथे कागद लावायचा, उजेड मोजायचा मीटर चेहऱ्यावर धरायचा म्हणजे कागद जवळजवळ पांढराफेक येतो, आणि दोन्ही बाजूंना काळं कापड धरायचं, नाहीतर गालाची कड कागदात विरघळून जाते. कॅमेरा ट्रायपॉडवर, हातात रिमोट, आणि मी शेजारी गप्पा मारत उभा.

एक मावशी आल्या, तोंडाला बांधलेला स्कार्फ त्यांनी काढला, तर कपाळ उन्हाने रापलेलं आणि गाल वेगळ्याच रंगाचे, मधे सरळ रेघ. बोटांवर थिनिंगचे, म्हणजे द्राक्षाचे घड विरळ करायच्या कामाचे, काळे डाग, कात्री तशीच हातात. म्हणाल्या, "दादा, जरा गोरं करा ना." मी म्हटलं, मावशी, ही रेघ तुमच्या कामाची आहे, ती मी पुसणार नाही. आमच्याकडे या फोटोंना स्किन स्मूथ लागत नाही, कोणी कितीही पैसे देवो.

नंतर तांबट, चिवडेवाले, पंचवटीतले गुरुजी, येवल्याचे पैठणी विणकर, सगळे या कागदासमोर उभे राहिले. आता तर घरचे लोक आजोबांना घेऊन येतात आणि सांगतात, तसलाच काढा, साधा. अशा वेळी कुर्ता नवा नको, रोजचा घालून या, एवढंच आमचं म्हणणं असतं.