तुम्ही विचारलंत म्हणून: धडधाकट पोरांशी मी काय बोलते?

विट्याच्या बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, पालकसभेच्या दारात मला एकच प्रश्न भेटतो. "मॅडम, पोरांना काही झालेलंच नाही, तर तुम्ही त्यांना बसवून बोलता काय?" कुणी काळजीनं विचारतं, कुणी टोचून. झालंच काही तर सांगली-मिरजेला डॉक्टर आहेत, आणि झालं नसेल तर उगाच पोरांच्या डोक्यात कशाला भरवायचं, असा त्यामागचा सूर. आजवर मी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढं जात आले. ते कुणाला पटलेलं दिसलं नाही, म्हणून आता सगळं लिहिते.

मी डॉक्टर नाही. शाळेत मराठी शिकवायचे, नंतर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, आणि आता आठवड्यातून एक वार मानधनावर एका हायस्कुलात बसते. आपल्या खानापूर-आटपाडीकडची घरं तुम्हाला ठाऊकच आहेत. आईबाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानासाठी परराज्यात, पोरं इथं आजी-आजोबांकडं. पैसा वेळेवर येतो, पोरांना शिकवणी आहे, सायकल आहे. बाहेरून बघणाऱ्याला खरंच काही झालेलं दिसत नाही.

आधी आकडे, कारण हे सगळं माझ्या मनाचं आहे असं काहींना वाटतं. २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये मानसिक आजाराचं प्रमाण ७.३ टक्के निघालं. साठ मुलांच्या वर्गात चार मुलं धरा. आणि हे सुरू कधी होतं? जगभरातले जवळजवळ दोनशे अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर असं दिसलं, की ज्यांना आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होतो, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश जणांची सुरुवात चौदा वर्षांच्या आत झालेली असते, आणि जवळजवळ निम्म्यांची अठराच्या आत. सगळ्यात जास्त सुरुवात साधारण साडेचौदाच्या वयात होते. साडेचौदा म्हणजे आपली नववी. दहावीच्या मुलांकडं लक्ष द्यायचं सोडून आठवी-नववीत काय करता, असं विचारता ना, त्याचं उत्तर हे.

आता प्रत्यक्ष काय करते ते सांगते. ऐकून तुमची निराशाही होईल, कारण त्यात औषधोपचारासारखं काही नाही. सकाळी फाटकाशी उभी राहते. हजेरीपट बघते, किती दिवस गैरहजर यापेक्षा कोणत्या वारी गैरहजर हे बघते. खिचडीच्या वेळी एकटं कोण बसतं, काल ज्याच्याबरोबर होतं त्याच्याबरोबर आज का नाही, हे बघते. व्हरांड्यात एक कुलूपबंद पेटी ठेवली आहे, तिच्यात नाव न घालता चिठ्ठी टाकता येते. पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा वाटलं होतं, काहीतरी गहन निघेल. मुलींच्या बऱ्याच चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या निघाल्या: मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एकीनं लिहिलं होतं, "मी सकाळपासून पाणीच पीत नाही." दिवसभर पाणी न पिणारी, डोकं दुखणारी, मधल्या सुट्टीची धास्ती घेणारी तेरा वर्षांची मुलगी वर्गात गप्प बसते, आणि आपण तिला अबोल म्हणून मोकळे होतो. शिपाईमामांनी कडी बसवली. हे मानसिक आरोग्याचं काम आहे का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं, आणि मी हो म्हणाले. आजही हो म्हणेन.

मग तुमचा पुढचा प्रश्न येतो, हे तर शिक्षकही करतील, वेगळं माणूस कशाला? शिक्षकांच्या मनात नसतं असं मी म्हणत नाही, मी त्यांच्यातलीच आहे. पण बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक शाळांत याचीच पडताळणी झाली आणि २०१८ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. काही शाळांत हा कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काही शाळांत थोडं प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांनी. कार्यक्रम तोच, मुलं तशीच. जिथं वेगळं माणूस होतं तिथं शाळेचं वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांमधली उदासी कमी झाली. शिक्षकांकडं सोपवलं तिथं म्हणावा असा फरक पडला नाही. यात शिक्षकांचा कमीपणा नाही. जनगणना, निवडणूक, शालेय पोषणाचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, यातून त्यांना वेळ कुठला? आणि वर ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्याजवळ मन मोकळं करायचं, हे मुलाला कसं जमावं?

एका मुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही. नाव सांगणार नाही, गावही नाही.

आठवीतला. दर रविवारी संध्याकाळी पोटात दुखायचं, सोमवारी घरी. हळूहळू मंगळवारीही. आजीनं ओवा दिला, गावातल्या डॉक्टरांना दाखवलं, तालुक्याला नेऊन सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. मग दृष्ट काढली, मग शेजारगावच्या देवऋष्याकडं नेऊन आणलं. आजी मला म्हणाली, "दुखतंय म्हणतंय, आन् फोटूत काय न्हाय म्हणत्यात. मग खोटं बोलतंय का ह्ये?" खोटं नव्हतं. पोट खरंच दुखत होतं. भीती मुलांच्या पोटात उतरते, हे तिला समजावता समजावता माझी दुपार गेली.

मुलगा माझ्याजवळ पहिल्यांदा काहीच बोलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी विचारणं सोडून त्याला पेटीतल्या चिठ्ठ्या घडी घालायला दिल्या. घड्या घालता घालता खाली बघूनच तो म्हणाला, "मी शाळेत असताना आबांना काय झालं तर?" त्याचे आजोबा सुट्टीत एकदा दुपारी परड्यात चक्कर येऊन पडले होते. आजी बाजाराला गेलेली. हा एकटा अनवाणी पळत जाऊन शेजाऱ्यांना घेऊन आला. आजोबा सावरले, घरादारानं सुस्कारा टाकला, विषय संपला. याचा विषय संपला नव्हता, आणि कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

उपाय साधा होता. पोरगा घरी राहिला की भीती तेवढ्यापुरती शमते आणि दुसऱ्या दिवशी वाढून येते, म्हणून शाळा सुटू द्यायची नाही. आधी दोनच तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. सुट्टीत ऑफिसातून आबांना एक फोन. आबांची गोळी, शेजाऱ्यांचा नंबर, सगळं त्याला माहीत. हे सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात वडील एका लग्नासाठी गावी आले.

ते शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा तिथं पाच-सहा जण बसले होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "माझं पोरगं येडं हाय का, ते सांगा आधी." मी नाही म्हणाले. "मग येड्यांच्या मॅडमकडं त्याचं नाव कशाला? आमच्या घराण्यात असलं कुणी नाही. उद्या त्याच्या बहिणीचं लग्न ठरवायचं, तवा लोक काय म्हणतील? कुठं लिहिलंय नाव? ते खोडा." कुणी मध्ये पडलं नाही. माझ्या कानशिलात रक्त ठणकत होतं. मला म्हणायचं होतं, की तुम्ही वर्षातून दोनदा येता आणि मला जाब विचारता? ते मी म्हणाले नाही, आणि म्हणाले नाही याचं मला आजही समाधान आहे, कारण तो माणूस भट्टीपुढं बारा-बारा तास उभा राहून याच पोरासाठी कमावत होता.

मी वही काढली. वर-खाली दुसऱ्या मुलांची नावं होती, म्हणून एक वही वर आणि एक वही खाली झाकून फक्त त्याच्या मुलाची ओळ उघडी ठेवली. तिथं आजाराचं नाव नव्हतंच. सहा-सात तारखा होत्या आणि पुढं लिहिलेलं: सोमवार, पोटदुखी. शेवटी: आबांची काळजी. त्यांनी ते बोट ठेवून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग विचारलं, "आबा पडल्यालं ह्येला ठाऊक हाय?" मी म्हणाले, "त्यानंच तर माणसं आणली." घरच्यांनी परराज्यात असलेल्या या वडिलांना काळजी नको म्हणून ते कळवतानाच अर्धं कळवलं होतं. ते काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी मुलाला फाटकाशी स्वतः सोडून गेले, माझ्याकडं न बघता.

मुलगा दोन-अडीच महिन्यांत पूर्ण दिवस बसायला लागला. पुढच्या वर्षी वडील भेटले तेव्हा नीट बोलले, चहा पाजला, आणि म्हणाले, "मॅडम, तो तसाबी आपोआप ठीक झालाच असता."

यावर माझ्याकडं उत्तर नाही. खरंच झाला असता कदाचित. बरीच मुलं सावरतात आपली आपण. द्राक्षबागेत दावण्या, म्हणजे तो बुरशीचा रोग, दिसायच्या आधी फवारणी करता, तेव्हा एक ओळ न फवारता सोडली तर फरक डोळ्यांनी दिसतो. मुलांची ओळ अशी सोडून बघता येत नाही. जे घडलं नाही ते मी तुम्हाला कधीच दाखवू शकणार नाही, आणि तुम्ही पुरावा मागत राहाल. त्यात तुमचंही चुकत नाही.

सुरुवातीची मी मात्र फार खात्रीनं बोलायचे. सगळ्या शाळेला ताणतणावावर धडे द्यावेत, प्रत्येक मुलाकडून प्रश्नावली भरून घ्यावी, असा माझा आग्रह होता. मग ब्रिटनमधली एक मोठी चाचणी वाचली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर ती झाली होती. सरसकट सगळ्या वर्गाला सजगतेचे, म्हणजे श्वासाकडं आणि मनाकडं लक्ष देण्याचे धडे दिले, आणि ते न दिलेल्या शाळांपेक्षा निकाल काही चांगला आला नाही. म्हणजे "पोरांच्या डोक्यात भरवू नका" हे तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण ती जुनी मी अजून वाद घालते. ती म्हणते, प्रश्नावली नसती तर चांगले गुण पाडणारी, हसणारी, आतून पोखरलेली मुलं तुला सापडतील कशी? खरंय, ती पेटीतही सापडत नाहीत. आणि प्रश्नावलीत सापडली तर पाठवायची कुठं, पुढं माणूस कोण आहे, असं मी तिला विचारते. दोघींचं जमलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी मागं हटत नाही. "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का", असं मुलाला सरळ विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं येतं, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्यानं मुलाला बऱ्याचदा सुटल्यासारखं वाटतं. २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता. पेपरात बातमी आली की तुम्हीच मला फोन करता. त्याच्या आधी करा. झोप, जेवण, मित्र, शाळा यांत दोन आठवडे टिकलेला बदल दिसला, तर मी नसले तरी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

जूनपासून नववीची एक तुकडी वाढते आहे आणि माझा वार एकच आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवा. आपल्या शाळेत साडेचारशे मुलं आहेत. दुसऱ्या वारासाठी मी संस्थेकडं अर्ज दिला आहे. पालकांच्या सह्या असतील तर तो लवकर हलेल, असं लेखनिक म्हणाले. अर्जाची प्रत शाळेच्या ऑफिसात ठेवली आहे.