तुम्ही विचारलंत म्हणून: आबांनी गाडी कधी सोडावी?

दिवाळीत आणि मे महिन्यात हा प्रश्न हमखास येतो. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं साताऱ्याला घरी येतात, वडिलांच्या गाडीच्या डाव्या दाराला नवा ओरखडा दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर बसून विचारतात, "मॅडम, आबांचं वय पंच्याहत्तर झालं. आता गाडी बंद करायला सांगू का? किती वयापर्यंत चालवावी माणसानं?" बावीस वर्षं मी या गावात गाडी शिकवते आहे. तोंडी उत्तर दर वेळी घाईत दिलं गेलं, आणि ते अर्धवट राहिल्याची चुटपुट मला लागून राहते. म्हणून आज सविस्तर.

असा एक आकडा नाही, की त्या वाढदिवसाला चावी काढून घ्यावी. पण वयाचा आणि अपघाताचा संबंधच नाही, असंही नाही. किती किलोमीटर गाडी चालवली आणि त्यात किती अपघात झाले, असा हिशेब ज्या देशांत ठेवला गेला, तिथे चित्र साधारण सारखंच दिसतं. सुरुवातीच्या वर्षांत धोका सगळ्यात जास्त, मग उतरत जातो, मधली तीस-चाळीस वर्षं खाली राहतो आणि सत्तरीच्या पुढे पुन्हा चढू लागतो. अमेरिकेत १६ ते १९ वयाच्या चालकांचे जीवघेणे अपघात, तेवढ्याच अंतरामागे, वीस आणि त्यापुढच्या चालकांच्या जवळपास तिप्पट आहेत. आणि म्हाताऱ्या चालकांचे मृत्यू जास्त दिसतात त्याचं एक मोठं कारण शरीर हे आहे. ज्या धक्क्यात पंचविशीचा मुलगा खरचटून उठतो, त्यात ऐंशीच्या माणसाच्या बरगड्या मोडतात.

आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ६६.५ टक्के १८ ते ४५ वयाची होती. हा आकडा दाखवून कुणी म्हणालं की तरुण पोरंच वाईट चालवतात, तर मी थांबवते. यात पायी चालणारे आहेत, मागे बसलेले आहेत, आणि मुळात रस्त्यावर माणसंच या वयाची जास्त असतात. आकडा दुःखाचा आहे, पण कोण कसं चालवतो हे तो सांगत नाही.

मग मी कशावरून ठरवते? एका वाक्यावरून. "ह्यो कुठनं आला?"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या तोंडून ऐकते. महिन्याभरात त्यांचे हात-पाय शिकतात. हाफ क्लच जमतो, चढावर गाडी मागे येत नाही, आरटीओच्या ट्रायलला आठचा आकडा एका दमात निघतो. पण नजर शिकायला वर्ष-दोन वर्षं लागतात. उभ्या एसटीच्या पुढून कुणीतरी धावत येणार, हे मला एसटी दिसताच कळतं. त्याला माणूस दिसल्यावर कळतं. तोवर माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबलेला असतो, आणि तो दचकून म्हणतो, ह्यो कुठनं आला? यात वयाचा उतावळेपणा आहे, पण त्याहून जास्त नवखेपणा आहे. पहिल्यांदा पन्नाशीत शिकणाऱ्या काकूही सुरुवातीचे महिने असंच म्हणतात, फक्त त्या वेग कमी ठेवतात. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत ही नजरच तपासतात. रस्त्याचे चित्रफितीतले तुकडे दाखवतात आणि पुढे धोका कुठून उभा राहील ते वेळेत ओळखायला लावतात. आपल्या ट्रायलमध्ये असं काही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काही वर्षांपूर्वीचा एक विद्यार्थी मी विसरू शकत नाही. शांत, ऐकणारा मुलगा. माझ्या शेजारी बसून यवतेश्वरचा घाट त्यानं तीनदा सुरेख चालवला होता. पक्कं लायसन्स मिळून तीन आठवडे झाले होते. चार मित्र गाडीत घेऊन पावसात कासला निघाला. गाणी, गप्पा, मागून "अरे काढ की पुढं". वळणावर धुक्यातून जीप आली. सगळे वाचले, पण एका मित्राच्या पायात अजून रॉड आहे. नंतर तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शेजारी असताना मला सगळं दिसायचं." कच्च्या वयाच्या चालकासोबत जितके समवयस्क जास्त, तितका धोका जास्त, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्येच यावर उपाय केला. नव्या चालकाला लायसन्स टप्प्याटप्प्यानं. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्यानं गाडी नाही, आणि अनुभवी माणूस शेजारी नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. आपल्याकडे कायदा एवढं सांगत नाही, पण घरात आई-बाप सांगू शकतात. निदान पहिलं वर्ष तरी.

आणि इथे मला तुम्हाला एक उलट विचारायचं आहे. आबांची काळजी करणारे बरेच जण उठता उठता म्हणतात, "पोरगं अकरावीत आहे, क्लासला लांब पडतं, गाडी दिलीय त्याला." सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीच्या आतली, बिनगिअरची गाडी चालवता येते. तुम्ही दिलेली एकशे दहाची असते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक आणि गाडीचा मालक दोषी धरला जातो. पंचवीस हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. दंडाचं सोडा. पंच्याहत्तरीच्या आबांपेक्षा तुमच्या घरात जास्त धोका त्या स्कूटरवर आहे, हे मी जीव तोडून सांगते आहे.

आता आबा.

माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. घाटातली, पावसातली, मुक्कामाची, सगळी ड्युटी केलेली. निवृत्तीनंतर आमची छोटी गाडी त्यांच्याकडे. त्र्याहत्तराव्या वर्षी ते आपणहून म्हणाले, "रात्रीचं नको आता. समोरच्यानं अपर लाईट मारला की नंतर मला काही दिसत नाही." डोळ्याचं तसंच असतं. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि दिपलेले डोळे पूर्ववत व्हायलाही जास्त वेळ लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बराच फरक पडला. म्हणून माझं पहिलं सांगणं असतं, चावी काढून घेण्याआधी डोळे तपासून घ्या.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एका सकाळी मी त्यांच्या शेजारी होते. बाजूच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला उजवीकडे वळायचं होतं. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि गाडी काढली. मी ओरडले. मोटरसायकलवाला बंपरला चाटून गेला. अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले, "ह्यो कुठनं आला?" आयुष्यभर इतरांना नजर शिकवलेला माणूस ते वाक्य बोलला. त्यांना वेगाचं, गिअरचं काही झालं नव्हतं. उतारवयातले अपघात असेच चौकात, समोरची वाहतूक कापून वळताना जास्त होतात, कारण तिथे एकाच वेळी दोन-तीन दिशांचा हिशेब करायचा असतो. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. निर्णयाला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर गेले, म्हणजे एकामागे एक ठेवलेल्या दोन वॅगन आरपेक्षाही जास्त.

आम्ही गाडी लगेच बंद केली नाही. आधी हायवे सोडला. खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं वळण आणि तिथले ट्रेलर आता नकोत, हे त्यांनाच पटलं. मग गर्दीची वेळ सोडली. दोन वर्षं ते फक्त सकाळी, ओळखीच्या रस्त्यानं, भाजी आणि दवाखाना एवढंच चालवत होते. एके दिवशी चावी त्यांनीच खुंटीला अडकवली. गाडी गेली तर माणूस घरात कोंडला जातो, म्हणून तोवर रिक्षावाल्याचा नंबर, शेजारच्या मुलाची मदत हे सगळं आम्ही लावून ठेवलं होतं. फोनवरून "आबा, बास झालं आता" म्हणणाऱ्या मुलांनी हे आधी लावून द्यावं.

कायदा पंचावन्ननंतर दर पाच वर्षांनी लायसन्सचं नूतनीकरण आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र मागतो. ते घ्याच, पण पाच वर्षांत डोळा किती बदलतो ते घरच्यांनाच आधी दिसतं.

तेव्हा पुढच्या वेळी आलात की मागे नाही, आबांच्या शेजारी बसा. एकदा सकाळी, बाजाराच्या रस्त्यानं. एकदा दिवस मावळताना कोरेगावच्या बाजूला, गाळप चालू असताना, जेव्हा उसाची डबल ट्रॉली मागच्या लाईटशिवाय पुढे चाललेली असते. बोलू नका, मोबाईल बघू नका. ते वाक्य किती वेळा येतं, तेवढं मोजा. आणि परतल्यावर त्याच रस्त्यावर, मुलाचं लायसन्स झालं असेल तर, त्याच्याही शेजारी बसा.