विधिलिखित

मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं आणि सांगलीत माझ्या टेबलावरचा ढीग वाढला. खालच्या कोर्टातल्या मराठी साक्षी अपिलासाठी इंग्रजीत करायच्या, हे माझं काम. लोकांना वाटतं साक्षीत प्रश्न असतो, मग उत्तर. बहुतेक वेळा प्रश्न गिळलेलाच असतो. उरतं ते ‘असे म्हणणे खरे नाही की’ आणि त्याला लटकलेलं हातभर वाक्य. प्रश्न आपण ओळखायचा.

परवाची फाईल अपघाताच्या नुकसानभरपाईची. ऊसतोडीचा हंगाम, रात्र, रस्त्यात उभी भरलेली ट्रॉली, मागून मोटरसायकल. पोरगा जागीच गेला. आईची उलटतपासणी जेमतेम दीड पान, आणि त्यात हे: ‘सदर घटना ही विधिलिखित होती, असे म्हणणे खरे आहे.’

वकिलांच्या ज्युनियरने सगळं मशीनमधून काढूनच आणलेलं. मला ‘फक्त नजर फिरवून’ शिक्का मारायचा होता, म्हणजे पैसेही नजर फिरवण्याचेच. मशीन म्हणत होतं, ‘द इन्सिडेंट वॉज इनएव्हिटेबल.’

आता इनएव्हिटेबल ॲक्सिडेंट हा कायद्यातला बचाव आहे. सगळी काळजी घेऊनही टळला नसता, असा अपघात. म्हणजे आईच्याच तोंडून विमा कंपनीला बचाव फुकट. या ज्युनियरला तीन वर्षं कायदा शिकवला कुणी, कोण जाणे. ‘मग ॲक्ट ऑफ गॉड टाकूया का?’ म्हणाला. अरे, तो निसर्गाच्या कोपाला लावतात. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथं कुणी तो शब्द काढला तर समजू शकते. बिनदिव्याच्या ट्रॉलीला कसला गॉड?

डिक्शनरी उघडून बसले. डेस्टिनीचं लॅटिन मूळ नेमून ठेवण्याचं, पण इंग्रजीत ती बरेचदा मोठं होणाऱ्या माणसाची असते. मेलेल्या पोराला कुठे लावू? डूम म्हणजे जुन्या इंग्रजीत निवाडा. म्हणून तर इंग्लंडातल्या १०८६ च्या जमिनींच्या नोंदीला लोक डूम्सडे म्हणू लागले. आज त्यात नुसता सत्यानाश उरलाय. लॉट म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेलं. हा मला फार जवळचा वाटला, कारण आपलं भाग्यही ‘भाग’च आणि अरबीतून आलेलं नशीबही वाटाच. पण सांगलीत लॉट म्हटला की हळदीचा. प्रीडेस्टिनेशन, म्हणजे देवानं आधीच ठरवलेलं, लिहावं तर ही आई कॅल्विनच्या ख्रिस्ती पंथातली व्हायची.

राहिला फेट. मूळ अर्थ ‘बोललं गेलेलं’. त्यांचं दैव बोलतं, आपलं लिहितं. त्याच मुळापासून फेटल झाला, आणि या फाईलच्या पहिल्याच पानावर ‘फेटल ॲक्सिडेंट’ छापलेलं होतं. तिथं त्यातलं दैव कुणाला दिसत नाही.

दुपारी त्या पोराची आई, म्हाताऱ्या आजीच त्या, अंगठा द्यायला वकिलांकडे आलेल्या. ज्युनियर त्यांना माझ्याकडे घेऊन आला. विचारलं, ‘आजी, कोर्टात नक्की काय म्हणालात?’

डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, ‘म्या म्हणलं, बाई, सटवीनं लिवलंय तेवढंच वय घिऊन आलता. पर टराली मागनं दिवा नव्हता, त्यो काय सटवीनं काढून न्हेला व्हय?’

विधिलिखित हा शब्द त्यांनी जन्मात उच्चारला नसेल. वकिलाने विचारला, टंकलेखकाने छापला, आजींनी मान हलवली असेल. वय लिहिलेलं होतं. कागदावर ‘सदर घटना’ झाली. दिव्याचं अर्धं वाक्य गेलं ते गेलंच.

पण मी भाषांतर कागदाचं करते, आजींचं नाही. ‘रिटन बाय फेट’ लिहिलं. ज्युनियर वाचून म्हणाला, ‘मॅडम, इनएव्हिटेबल जास्त इंग्लिश वाटतं.’ मी शिक्का मारला.

खाली भाषांतरकाराची टीप म्हणून दोन ओळी टाइप केल्या होत्या, की इथे मूळ बोलणं वयाबद्दल असावं. मग खोडल्या. साक्षीच्या वेळी मी तिथं नव्हते. फाईल कोल्हापूरला गेली. त्या दोन ओळी परत लिहून ठेवल्यात, माझ्याच संगणकात, वेगळ्या पानावर.