सप्ताहातलं कीर्तन लॅपटॉपवर नीट कसं रेकॉर्ड करावं

अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. यातलं बहुतेक आज मोबाइलच्या व्हिडिओत साठतं आणि ऐकायला घेतलं की टाळांचा खणखणाट तेवढा उरतो, बुवांचा आवाज त्याखाली गडप होतो. मोबाइलमध्ये आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. टाळ पडला की ती सगळंच खाली ओढते, टाळ थांबला की पुन्हा वर नेते. गोंगाट काढणारी सोय तर पेटीचा लांबलेला सूरच गोंगाट समजून कापते. म्हणून हाताशी मोबाइलच असेल तर कॅमेरा वापरू नका. या दोन्ही सोयी बंद करता येतील असं रेकॉर्डिंग ॲप घ्या, डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल निवडा आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच कॉल आला तर पुष्कळ ॲप रेकॉर्डिंग थांबवतात.

गावोगावच्या चाली वेगळ्या असतात आणि जुन्या चाली म्हणणारी माणसं थोडीच उरली आहेत. तेव्हा लॅपटॉप आणि दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक-मिक्सरचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) एवढा तरी मेळ घालावाच. पहिल्या इनपुटला मंडपवाल्याच्या मिक्सरमधून वायर आणायची, दुसऱ्याला कंडेन्सर माइक (वीज लागणारा, बारीक आवाजही टिपणारा) लावायचा. फक्त मिक्सरवर भागत नाही. टाळकऱ्यांपुढे बहुतेक वेळा माइक नसतो, त्यामुळे त्या वायरीतून बुवा, पेटी, पखवाज येतात, पण ‘विठ्ठल विठ्ठल’चा मंडपभर उठणारा गजर येत नाही.

मिक्सरवरून घेताना मुख्य आउटपुटऐवजी ऑक्स (वेगळं जादा आउटपुट) मागा, तोही फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांडीच्या, आधीचा. मग ऑपरेटरने स्पीकरची शिट्टी टाळायला फेडर कितीही खाली-वर केले तरी आपली पातळी हलत नाही. ही वायर इंटरफेसच्या मोठ्या जॅकमध्ये, लाइन इनपुटवर लावा. कंडेन्सरसाठी ४८ व्होल्टचं बटण दाबावं लागतं आणि पुष्कळ इंटरफेसवर ते एकच बटण दोन्ही एक्सएलआर (तीन पिनांच्या) इनपुटना वीज देतं. ती मिक्सरच्या आउटपुटमध्ये उलटी जाऊ नये म्हणून जॅकच बरा.

कंडेन्सर माइक टाळकऱ्यांच्या रांगेपासून दोन-तीन मीटर मागे, डोक्याच्या वर उंच स्टँडवर आणि स्पीकरच्या तोंडासमोरून बाजूला ठेवा. पातळी ठरवताना बुवांचा अभंग ऐकून ठरवू नका. सगळे टाळ एकदम वाजवून घ्या आणि त्या वेळी सर्वांत उंच ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र दुरुस्त होत नाही. गोंधळातल्या संबळालाही हाच नियम, फक्त माइक अजून थोडा लांब.

माइक स्टेजपासून दहा मीटरवर असेल तर तिथे आवाज जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक तसेच मिसळले तर बुवांचा आवाज पोकळ वाटतो. पखवाजाची एक स्वच्छ थाप दोन्ही ट्रॅकमध्ये शोधा आणि माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, सरकवून ती जुळवा. ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, या कामाला पुरते.

बफरबद्दल (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) मोठा गैरसमज आहे. लहान बफर म्हणजे चांगलं रेकॉर्डिंग, असं काही नाही. लॅपटॉपला वाजवायचा कीबोर्ड जोडून वाजवताना उशीर कमी राहावा म्हणून १२८ सॅम्पल लागतात, ४८ किलोहर्ट्झला तो उशीर जवळपास पावणेतीन मिलिसेकंद होतो. नुसतं रेकॉर्ड करताना १०२४ ठेवा, तडतड येणार नाही. ब्लूटूथ हेडफोनवर स्वतःचं वाजवणं ऐकू नका, उशीर सहज जाणवतो. रियाजाला तंबोऱ्याचं ॲप ब्लूटूथ स्पीकरवर लावायला मात्र काहीच हरकत नाही.

आता लाइटचं. रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. चार्जर लावला आणि मिक्सरची वायरही जोडलेली असली की अर्थिंगच्या फेऱ्यामुळे ५० हर्ट्झची घुमघुम येते. चार्जर काढला की बहुधा जाते. त्यासाठी मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका, मंडपात ओल असते. लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो, पण यूएसबीवर चालणारा इंटरफेस आणि कंडेन्सर माइक चालूच राहतात. लॅपटॉपला यूएसबी-सीवर चार्जिंग होत असेल तर २०,००० एमएएचची, ६५ वॉट देणारी पॉवर बँक जवळ ठेवा. बॅटरीवर विंडोज वेग कमी करतं, म्हणून ‘बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा. स्लीप, वाय-फाय आणि अपडेट बंद.

चैत्र-वैशाखात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो आणि कित्येक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीच बनवलेले असतात. गादीवर ठेवला तर खालची जाळी बंद होते, प्रोसेसर मंदावतो आणि आवाजात खंड पडतो. लाकडी पाटावर ठेवा, खाली दोन बोटं हवा राहू द्या. कूलरच्या झोतात ठेवू नका.

दोन ट्रॅक, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ: तासाला जवळपास एक जीबी. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर जात नाही. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल चुकून ४८ वर वाजली तर सूर जवळजवळ दीड पट्टी चढतो. काळी एकमधला अभंग पांढरी दोनच्याही पुढे जातो आणि पेटीशी जुळत नाही. दोन्हीकडे ४८ च ठेवा.

वाटण्यासाठी १९२ केबीपीएसचा एमपी३ काढा, तासाला सुमारे ८६ एमबी होतो. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशीच पोचते. मूळ डब्ल्यूएव्ही मात्र त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.