गळीची संत्री

संत्र्याच्या अंबिया बहाराच्या काढणीचे दिवस होते. अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून नागपूरबाहेरच्या एका लहानशा संत्रा स्क्वॅश कारखान्याच्या तपासणीला मी सकाळीच पोहोचले. कागदपत्रे चोख होती. स्क्वॅशमध्ये फळांचा रस किमान 25 टक्के आणि विद्राव्य घन पदार्थ (विरघळलेली साखर वगैरे) किमान 40 टक्के असावेत, असे मानक आहे. नोंदवहीत रस त्याहून जास्त दाखवला होता आणि ते घन पदार्थ मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने माझ्यासमोर 42 ब्रिक्स, म्हणजे सुमारे 42 टक्के, दाखवले.

मागच्या शेडमध्ये पाऊल टाकताच मात्र आंबूस वास आला. क्रेटमधले एक संत्रे उचलून देठाजवळ अंगठा दाबला, तर तो सालीतून थेट आत गेला आणि नखाला हिरवट बुरशीची भुकटी लागली. ही झाडाखाली पडलेली, चिखल लागलेली गळीची फळे होती. निवडीच्या टेबलावर दोन बायका फक्त पाने आणि काड्या वेचत होत्या.

"मॅडम, रस गाळून गरम करतो ना जी, मग काय राह्यते त्यात?" मालकांनी विचारले. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणूनच मी तिथेच थांबून उत्तर दिले. उष्णतेने बुरशी मरते, पण सडलेले फळ त्यामुळे चांगले होत नाही. आणि 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात, अंशतः जरी सडक्या वनस्पतिजन्य पदार्थाचे बनलेले असले, तरी ते अन्न असुरक्षित ठरू शकते, मग बाटलीतले ब्रिक्स कितीही भरोत.

गळीला बाजारात भाव नसतो आणि शेतकऱ्याला त्यातून चार पैसे सुटतात, हे मला ठाऊक आहे. पण ती किंमत स्क्वॅश पिणाऱ्या लेकरांनी का मोजावी?

तयार मालाचा नमुना घेऊन, त्याचे चार भाग करून मी ते सीलबंद केले. एक भाग अन्न विश्लेषकाकडे, ज्यांचा अहवाल 14 दिवसांत अपेक्षित असतो. क्रेटमधल्या फळांचा पंचनामा केला. मालकांच्या संमतीने ती सारी खड्ड्यात टाकली जात असताना निवड करणारी एक बाई जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, सडकं फेकाचं का नाही, हे आमाले कोणी सांगतलंच नव्हतं." सुधारणा नोटिशीसाठी वरिष्ठांना पाठवलेल्या प्रस्तावात पहिला मुद्दा मी तोच लिहिला: निवडीच्या टेबलावरील कामगारांना प्रशिक्षण.